सर्व्हर कधी सापडतो, कधी का सापडत नाही?

विजेरी मुळीच पेटत नसेल, तर दोष शोधणे सोपे असते. सेल बदलून पाहावा, दिवा बदलून पाहावा, बटण तपासावे. पण जी विजेरी कधी पेटते आणि कधी पेटत नाही, ती मात्र आपल्याला बुचकळ्यात टाकते. संगणकांच्या जाळ्यातही नेमके असेच घडते.

समजा, तुमच्या शाळेत एक संगणक ‘सर्व्हर’ म्हणून ठेवला आहे. त्यावर प्रयोगांची टिपणे व जुन्या प्रश्नपत्रिका आहेत. स्वाध्यायही तेथेच जमा करायचे आहेत. शाळेत बसून ही पाने क्षणात उघडतात. घरून मात्र ती सोमवारी उघडतात, मंगळवारी उघडत नाहीत. एकाच्या मोबाइलवर दिसतात, दुसऱ्याच्या दिसत नाहीत. स्वाध्यायाची मुदत आज रात्री संपत असेल तर? ‘सर्व्हर लागला नाही’ ही अडचण खरी की सबब, हे शिक्षकांनी कसे ठरवावे? म्हणून हा दोष शास्त्रीय रीतीने शोधता आला पाहिजे.

प्रथम मार्ग समजून घेऊ. इंटरनेटवरील नेहमीचा पत्ता ३२ बिटांचा असतो. असे पत्ते सुमारे ४२९ कोटीच होतात. जगातील सर्व यंत्रांना ते पुरत नाहीत. त्यामुळे काही पत्ते केवळ अंतर्गत वापरासाठी राखून ठेवले आहेत. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांपैकीच. ‘खोली क्रमांक १०’ जशी प्रत्येक शाळेत असू शकते, तसा १९२.१६८.१.१० हा पत्ता हजारो शाळांत असू शकतो. बाहेरच्या जगाला फक्त शाळेच्या फाटकाचा, म्हणजे राउटरचा पत्ता दिसतो. बाहेरून आलेली विचारणा कोणत्या खोलीत पाठवायची, हे राउटरला आधी सांगून ठेवावे लागते.

आता दोष कोठे शिरतो ते पाहा.

पहिली शक्यता : खोली बदलली. वीज जाऊन आल्यावर राउटर सर्व्हरला निराळा अंतर्गत पत्ता देऊ शकतो. राउटर मात्र विचारणा जुन्याच खोलीत पाठवत राहतो. सर्व्हरचा अंतर्गत पत्ता कायमचा नेमून दिला, की हा दोष जातो.

दुसरी शक्यता : फाटकाचाच पत्ता बदलला. पुष्कळ जोडण्यांना सेवा देणारी कंपनी कायमचा पत्ता देत नाही. नावावरून पत्ता सांगणाऱ्या नोंदवहीत जुना पत्ता राहिला, तर विचारणा भलतीकडेच जाते. नोंद सुधारली तरी काही संगणक जुने उत्तर थोडा वेळ लक्षात ठेवतात. एकाला पान दिसते आणि शेजाऱ्याला दिसत नाही, याचे एक कारण हे असू शकते.

तिसरी शक्यता अधिक गमतीची आहे. लहान पाने उघडतात, पण मोठी चित्रे अर्ध्यावर अडकतात! जाळ्यातून माहिती पॅकेटांच्या रूपाने जाते. एका पॅकेटात साधारणतः १५०० बाइट मावतात. काही जोडण्यांत ८ बाइटांचे जादा वेष्टन लागते. मग १४९२ च उरतात. ‘पॅकेट मोठे आहे’ हा निरोप वाटेत कोणी अडवला, तर पाठवणारा पुन्हापुन्हा तेच मोठे पॅकेट पाठवत बसतो.

यांपैकी खरे कारण कोणते, हे अंदाजाने ठरवू नका. मार्गाचे तुकडे पाडा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. पान प्रथम सर्व्हरवरच उघडून पाहा; मग शाळेतील दुसऱ्या संगणकावर; नंतर बाहेरून फाटकाच्या अंकी पत्त्याने; शेवटी नावाने. जेथे पान प्रथम अडते, त्याच्या आधीच्या पायरीपर्यंतचा मार्ग ठीक आहे. बाहेरची चाचणी शाळेच्या वाय-फायवरून करू नका. आतून फाटकाबाहेर गेलेली विचारणा परत आत आणणे काही राउटरना जमत नाही, त्यामुळे नसलेला दोष दिसतो.

१९८३ साली माइक म्यूस यांनी लिहिलेला ‘पिंग’ हा छोटा कार्यक्रम येथे उपयोगी पडतो. तो हाक मारतो आणि प्रतिसादास लागलेला वेळ मोजतो. मात्र उत्तर आले नाही म्हणजे यंत्र बंदच आहे, असे समजू नका; काही यंत्रांना पिंगला उत्तर न देण्याची सूचना दिलेली असते.

प्रत्येक वेळी वहीत नोंद करा : वेळ, ठिकाण, कोणती जोडणी, आणि पडद्यावरील नेमका संदेश. ‘जोडणी नाकारली’ आणि ‘वेळ संपली’ यांत मोठा फरक आहे. पहिल्यात कोणीतरी उत्तर दिले. दुसऱ्यात कोणीच दिले नाही. दहा-बारा नोंदी झाल्या की ‘कधीकधी’ या शब्दामागचा नियम बहुधा दिसू लागतो : वीज गेल्यानंतर, किंवा ठरावीक जोडणीवरूनच.

एक सूचना महत्त्वाची. फाटक उघडले की ते साऱ्या जगाला उघडते. म्हणून राउटरमधील बदल शिक्षकांनीच करावेत. सर्व्हर थेट उघडा ठेवण्यापेक्षा ओळख पटवून आत घेणारी व्हीपीएनसारखी सोय अधिक सुरक्षित असते.

करून पाहा : घरच्या वाय-फायला जोडलेल्या मोबाइलच्या सेटिंगमध्ये त्याचा पत्ता शोधा. तो १९२.१६८ ने सुरू होतो का? मित्राच्या घरीही पाहा. दोघांचा पत्ता अगदी सारखा निघाला, तरी दोन्ही मोबाइल एकाच वेळी बिनघोर कसे चालतात, याचे उत्तर आता तुम्हीच द्या.