केवडा शिरतो दिंडीतून

केवडा म्हटलं की कुणाला वेणी आठवते, कुणाला अत्तर. मराठवाड्यातल्या कळंब-वाशीकडच्या सोयाबीनवाल्याच्या पोटात मात्र गोळा येतो. पानावर पिवळे-हिरवे चट्टे, शेंगा कमी, दाणा बारीक. पुस्तकात त्याला पिवळा मोझॅक म्हणतात. गंमत म्हणजे सोयाबीन पिवळं पाडणाऱ्या विषाणूचं नाव मुगावरून पडलंय, कारण 1960 साली दिल्लीकडे या रोगाची शास्त्रीय नोंद झाली ती मुगावर.

दार बंद, दिंडी उघडी

माणसाच्या पेशीला तट नसतो, वनस्पतीच्या पेशीला असतो. नळदुर्गासारखा चौफेर. पहिली भिंत पांढरी माशी सोंडेनं भोसकून देते. पण पुढच्या लाखो पेशींचं काय? तिथं माशी काही घरोघर दार ठोठावत जात नाही.

या तटांना आरपार बारीक वाटा असतात. जुन्या वाड्याच्या मोठ्या दरवाजात वाकून जायची दिंडी असते ना, तशा. शेजारच्या पेशी साखर, क्षार, निरोप यांची देवघेव त्यातूनच करतात. एडुआर्ड टँगल यांनी त्या 1879 साली पाहिल्या, स्ट्रासबर्गर यांनी 1901 साली नाव ठेवलं प्लाझ्मोडेझ्माटा. उच्चारताना जीभ अडखळते, म्हणून आपली दिंडीच बरी.

आता माप बघा. सोयाबीनचा विषाणू जरा बाजूला ठेवू, आधी तंबाखूचा घेऊ. तंबाखूचा मोझॅक विषाणू 300 नॅनोमीटर लांब, 18 नॅनोमीटर जाड काठी. दिंडीत मोकळी फट असते अवघ्या दोन-तीन नॅनोमीटरची. म्हणजे बाहेरच्या प्रथिनाच्या अंगरख्यासकट आत जायचं नावच नको.

आजीचा दोरा

मग हा गडी अंगरखा काढून ठेवतो आणि फक्त आतला आरएनएचा धागा पाठवतो. पण मोकळा धागा सरळ राहत नाही, स्वतःतच गुंतून त्याचा गोळा होतो. सुईत दोरा ओवताना आजी काय करायची? टोक ओलं करून पीळ द्यायची. हेच काम विषाणूचं एक प्रथिन करतं. त्याला मूव्हमेंट प्रोटीन म्हणतात, आपण वाहक म्हणू. ते धाग्याला लांबीभर चिकटतं, एक बसलं की शेजारी दुसरं पटकन बसतं, आणि गोळ्याची सरळ, बारीक दोरी होते. धाग्यावर आरएनएची अक्षरं कोणती आहेत हे ते बघत नाही. एकेरी धागा दिसला की धरलाच. सितोव्स्की, झांब्रिस्की आणि सहकाऱ्यांनी 1990 साली हे दाखवलं.

याच प्रथिनाचा दुसरा धंदा कडी सैल करण्याचा. 1989 च्या प्रयोगात तंबाखूच्या झाडालाच हे प्रथिन बनवायला लावलं, तर एरवी जातात त्यापेक्षा दहापटीहून मोठे रेणू दिंडीतून पार गेले. ओवणारा तोच, भोक मोठं करणाराही तोच. मोजून चार जनुकांचा संसार आणि त्यातलं एक अख्खं जनुक फक्त शेजारी जाण्यासाठी! या विषाणूला पहिल्या पेशीतून निघायला 18 ते 20 तास लागतात, पुढे मात्र दर पेशीला तीन-चार तासच. उंबरा ओलांडला की पाय मोकळे होतात म्हणायचं.

जोडकेळं

सोयाबीनच्या विषाणूची तऱ्हा वेगळी. सूक्ष्मदर्शकाखाली तो जोडकेळ्यासारखा दिसतो, म्हणून याच्या घराण्याला मिथुन राशीचं नाव मिळालंय. धागा डीएनएचा, गोल, आणि दोन वेगवेगळ्या कणांत वाटून ठेवलेला; प्रत्येकी साधारण 2,700 अक्षरं. एका तुकड्यात प्रती काढायचं सामान, दुसऱ्यात प्रवासाचं. प्रवासालाही दोन हमाल. पहिला पेशीच्या केंद्रकातून माल बाहेर काढतो, दुसरा तो दिंडीपर्यंत नेतो. माजघरातून ओसरीपर्यंत एक, ओसरीवरून वेशीपर्यंत दुसरा.

भेंडीवरचा भाऊबंद

भेंडीच्या शिरा पिवळ्या आणि मधली जागा हिरवी झाली तर विषाणूवर संशय घ्या. सोयाबीनच्या कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी झाली तर बहुधा लोह कमी पडलंय. चुनखडीच्या रानात हा घोळ दरवर्षी होतो आणि फवारणीचे पैसे वाया जातात.

भेंडीच्या या रोगाची नोंद 1924 सालची, मुंबई इलाख्यातली. याच्या विषाणूकडे प्रवासाचा तो दुसरा तुकडा नाहीच. केंद्रकातून माल बाहेर काढायचं काम अंगरख्याच्या प्रथिनावरच पडतं, जोडीला एक छोटा उपग्रह डीएनए. यावर मराठवाड्यानं दिलेलं उत्तर म्हणजे ‘परभणी क्रांती’. जांभळे आणि नेरकर यांनी परभणीच्या कृषी विद्यापीठात रानभेंडीशी संकर करून ही जात आणली, 1980 च्या दशकात. पुढे विषाणूनं तिलाही गाठलं, पण आमच्या परसात काही वर्षं तिनं राज्य केलं हे खरं.

वांझ तूर, तिरंगी टोमॅटो

तुरीचा वांझ रोग 1931 साली बिहारमधल्या पुशाला नोंदवला गेला. त्यामागचा विषाणू पकडायला जवळपास सत्तर वर्षं गेली. झाड हिरवंगार, दाट, फूल मात्र नाही. वाहून आणणारा कोळी डोळ्याला दिसतसुद्धा नाही.

2020 च्या उन्हाळ्यात राज्यात टोमॅटोवरच्या ‘तिरंगा’ विषाणूची आवई उठली. टोमॅटो खाऊन माणसं आजारी पडतील म्हणून मोबाइलवर बोंब. बंगळुरूच्या तपासणीत सापडला तो प्रामुख्यानं काकडीचा मोझॅक विषाणू. त्याचं वाहक प्रथिन आपल्या दिंडीसाठी नाहीच, कारण आपल्याला दिंडी नाही.

परवा बांधावर आमच्या तात्यांना हे सगळं ऐकवलं. ते म्हणाले, ‘‘म्हंजे दुकानदारानं दिलेलं बुरशीचं औषध फुकटच गेलं की!’’ मग त्यांनी पिवळ्या रोपावर आधी गोणपाट टाकलं, माशी उडू नये म्हणून, आणि अलगद मुळासकट उपटलं. गोणपाटाच्या विणीतून चार-दोन पांढरे ठिपके तरीही निसटले आणि शेजारच्या ओळीवर जाऊन बसले.