दगड नव्हे, प्लास्टर!

कडावहून कर्जतमार्गे चौककडे निघालं की नितीन चंद्रकांत देसाईंनी २००५ साली उभारलेला एन. डी. स्टुडिओ लागतो. 'जोधा अकबर'मधला आग्र्याचा किल्ला इथलाच. सेटवरचे असले 'दगड' म्हणजे बहुतेकदा प्लायवूडवर प्लास्टर ऑफ पॅरिस. सगळी करामत रंगाऱ्याची.

मला मात्र जास्त वेड चिमुकल्या प्रतिकृतींचं. सोळा फुटी बुरूज एका फुटाचा केला, तर तो कोसळताना कॅमेरा चौपट वेगाने चालवायचा: सेकंदाला २४ ऐवजी ९६ फ्रेम. मग पडणं जड वाटतं. पाण्याचा थेंब काही लहान होत नाही, तिथेच चोरी पकडली जाते!

यंदा दिवाळीतला किल्ला मोबाइल जमिनीला टेकवून, स्लो मोशनमध्ये शूट करा. व्हिडिओ खाली टाका.