विषाणूला दार कोण उघडतो?

२७ जून २०१७ रोजी न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. वादळ नव्हते, संप नव्हता, एकही क्रेन मोडली नव्हती. मर्स्क या डॅनिश जहाजकंपनीच्या समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या या टर्मिनलमध्ये कोणता कंटेनर कोणाचा, हे सांगणारे संगणक मुके झाले होते. त्या दुखण्याचे मूळ होते हजारो मैलांवरील युक्रेनमध्ये. तेथील व्यापारी कर भरण्यासाठी हिशेबाची जी आज्ञावली वापरीत, तिच्या नव्या सुधारणेतच विष कालवले गेले होते. या विषाणूला पुढे 'नॉटपेट्या' हे नाव पडले. अमेरिका आणि ब्रिटन यांनी २०१८ मध्ये त्याचा ठपका रशियाच्या लष्करावर ठेवला. रशियाने तो नाकारला.

संगणकाचा विषाणू म्हणजे काही अद्भुत वस्तू नव्हे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी पूर्वी एखाद्या देवतेच्या नावाने पोस्टकार्ड येत असे: या मजकुराच्या इतक्या प्रती काढून इतक्या जणांना पाठवा, न पाठविल्यास अनिष्ट घडेल. विषाणूचे मर्म हेच. तो म्हणजे स्वतःची नक्कल करण्याची आज्ञा, दुसऱ्या एखाद्या उपयुक्त आज्ञावलीला चिकटवलेली. फरक एवढाच की, पोस्टकार्ड फाडून टाकण्याचे स्वातंत्र्य आपल्याला होते, संगणकाला ते नाही. आज्ञा पुढे आली की तो ती पाळतो. ती कोणी लिहिली, कशासाठी लिहिली, हे विचारीत नाही.

दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याने १९८३ मध्ये याचा रीतसर प्रयोग केला. 'व्हायरस' हे नाव सुचविले त्याचे मार्गदर्शक लेनर्ड एडलमन यांनी. प्रत्येक प्रयोगात तासाभराच्या आत विषाणूने संपूर्ण यंत्रणेचे अधिकार हस्तगत केले. तेव्हा अधिकाऱ्यांनी पुढील प्रयोगांना परवानगीच नाकारली! कोहेनने गणिताने आणखी एक गोष्ट दाखविली आणि ती अधिक मोलाची आहे. कोणतीही आज्ञावली विषाणू आहे की नाही, हे अचूक सांगणारी सर्वज्ञ आज्ञावली लिहिताच येणार नाही. विषाणूरोधक म्हणून जे विकले जाते ते मुख्यतः जुन्या गुन्हेगारांच्या खुणा आणि संशयास्पद वर्तन यांवर नजर ठेवते. अगदी नवा चोर त्यातून निसटू शकतो.

१९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' फ्लॉपीच्या पहिल्या भागात दबा धरून बसे. संगणक सुरू होताना तोच भाग प्रथम वाचला जाई, म्हणून त्याचा शिरकाव सोपा होता. तो भाग कोणी तपासू लागला, तर हा लबाड आधीच दुसरीकडे हलवून ठेवलेला मूळ मजकूर पुढे करी. तो फ्लॉपी नेईल तिकडे जाई, म्हणजे माणसाच्या पायांनी चाले. नोव्हेंबर १९८८ मध्ये रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या 'कृमी'ला पायांचीही गरज उरली नव्हती. जाळ्याने जोडलेल्या संगणकांतील फटी शोधीत आणि परवलीचे सोपे शब्द ओळखीत तो आपोआप पसरला.

नॉटपेट्याने या दोन्ही वाटा वापरल्या. आत शिरला तो विश्वासाच्या मार्गाने आणि पसरला कृमीसारखा. विंडोजमधील ज्या फटीचा त्याने लाभ घेतला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच उपलब्ध केली होती. पण ज्यांनी ती केली होती तेही वाचले नाहीत. एखाद्या दुरुस्त न केलेल्या संगणकाच्या स्मृतीतून त्याने परवलीचे शब्द उचलले आणि त्याच किल्ल्यांनी शेजारच्या दुरुस्त संगणकांची कुलपे उघडली.

आपल्याकडे असे संकट आले की पहिली विचारणा टपाल उघडणाऱ्या लिपिकाकडे होते. युक्रेनमधील हिशेबनिसाने काय केले होते? अधिकृत उत्पादकाकडून आलेली सुधारणा त्याने घेतली, म्हणजे सावधगिरीचे प्रत्येक परिपत्रक जे करावयास सांगते तेच केले. दोष द्यायचा तर तो एकाच किल्लीने सारी दारे उघडतील अशी घराची रचना करणाऱ्याला द्यावयास हवा. नोटिसा लावणे स्वस्त असते, रचना बदलणे महाग. म्हणून आपल्या कचेऱ्यांच्या भिंती नोटिसांनी भरतात, हे मात्र खरे.

मर्स्कला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभारावे लागले. कंपनीच्या जाळ्याचा नकाशा व वापरणाऱ्यांची यादी ठेवणारी यंत्रे जगभर विखुरलेली होती, पण ती परस्परांशी सतत जुळवून घेत असल्याने एकीसह सारीच पुसली गेली. अपवाद एकच. घानामध्ये त्या वेळी वीज गेली होती म्हणून तेथील यंत्र बंद पडून राहिले आणि वाचले. त्यातील माहिती तारेवरून पाठविण्यास फार वेळ लागेल असे दिसले. तेथील कर्मचाऱ्यांपैकी कोणाकडे ब्रिटनचा व्हिसाही नव्हता. अखेर एक जण ती घेऊन नायजेरियाला गेला, विमानतळावर दुसऱ्याच्या स्वाधीन केली आणि तो दुसरा लंडनच्या विमानात बसला.