विश्लेषण : पोटदुखीचा जिवाणू प्लेगचा कसा झाला?

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने धाराशिव जिल्ह्यातील उमरगा-लोहारा परिसर आणि लातूर जिल्ह्यातील किल्लारी उद्ध्वस्त झाले. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगने घबराट उडाली. भूकंपानंतर लोकांनी सोडलेल्या घरांतील धान्यावर उंदीर वाढले, असे स्पष्टीकरण तेव्हा दिले गेले. मात्र उंदरांचा आजार माणसापर्यंत आणण्याची ताकद या जिवाणूला मुळात नव्हती. ती त्याने उसनी घेतली.

पूर्वज कोण?

प्लेगचा यर्सिनिया पेस्टिस हा यर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलॉसिस या जिवाणूपासून काही हजार वर्षांपूर्वी वेगळा झाला. हा पूर्वज दूषित अन्न-पाण्यातून पोटात जातो. बहुतेकदा ताप आणि पोटदुखीवर निभावते.

मग बदलले काय?

जिवाणूंच्या पेशीत मुख्य गुणसूत्राशिवाय डीएनएची छोटी वर्तुळे असतात. त्यांना प्लास्मिड म्हणतात. ती एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकतात. प्लेगच्या जिवाणूकडे सहसा अशी तीन प्लास्मिड असतात. त्यांपैकी दोन पूर्वजाकडे नाहीत. एकावरील जनुकामुळे तो पिसवेच्या पोटात तग धरतो. दुसऱ्यावरील जनुकामुळे तो चाव्याच्या जागेपासून शरीरात पसरतो.

पुरावा कुठला?

प्राचीन सांगाड्यांतील डीएनएचा. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या प्लेग जिवाणूंत पिसवेत जगवणारे जनुक आढळले नाही. सुमारे ३,८०० वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांत ते सापडले.

आज चिंता कशाची?

वेळेत निदान झाल्यास प्लेग प्रतिजैविकांनी बरा होतो. पण १९९५ मध्ये मादागास्करमधील एका रुग्णात अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारा जिवाणू सापडला. ही क्षमता प्लास्मिडवरच होती. त्याच्याशी मिळतीजुळती प्लास्मिड पुढे अमेरिकेत विक्रीच्या मांसातील साल्मोनेला जिवाणूंतही आढळली. म्हणजे जनावरांना वारेमाप दिलेल्या औषधांतून तयार होणारा प्रतिकार त्या एका जिवाणूपुरता राहीलच असे नाही.

काय करावे?

पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय शेळ्या, कोंबड्यांना प्रतिजैविके देऊ नयेत. उंदीर अचानक मरून पडू लागले, तर हात न लावता प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. उंदीर मेला की त्याच्या पिसवा नवे शरीर शोधतात.