दहाचं नाणं चालतंच: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दहाचं नाणं पुढं केलं की ‘हे चालत नाही, नोट द्या,’ असं उत्तर वऱ्हाडात आजही मिळतं. नुकसान होतं ते हातावर पोट असणाऱ्याचं. म्हणून अनसिंग गावच्या दुकानदारांनी आणि गिऱ्हाइकांनी हे एकदा नीट समजून घ्यावं.

गैरसमज: दहा रेघांचं नाणं खरं, पंधरा रेघांचं खोटं.
वस्तुस्थिती: दोन्ही खरी. पंधरा रेघांचं नाणं जुनं, त्यावर ₹ चिन्ह नाही. हे चिन्ह 2010 मध्ये स्वीकारलं गेलं आणि 2011 पासून दहा रेघांच्या नाण्यावर आलं. जानेवारी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलं, की तोवर दहाची नाणी 14 नक्ष्यांत निघाली असून सगळी वैध आहेत.

गैरसमज: सालाखाली खूण नसेल तर नाणं बनावट.
वस्तुस्थिती: ती खूण टांकसाळीची. मुंबईची चौकट, नोएडाचा ठिपका, हैदराबादचा तारा. कोलकात्याच्या नाण्यावर खूणच नसते.

गैरसमज: चुंबकाला चिकटलं म्हणजे नकली.
वस्तुस्थिती: एक-दोन रुपयांची अलीकडची नाणी स्टेनलेस स्टीलची, त्यात 83 टक्के लोखंड. ती चिकटणारच. दहाच्या नाण्याचं पिवळं कडं मात्र 92 टक्के तांबं, 6 टक्के अॅल्युमिनियम आणि 2 टक्के निकेल यांचं.

गैरसमज: नवं रूप आलं की जुनं बाद.
वस्तुस्थिती: नाणं बाद करायला सरकारची अधिसूचना लागते. 25 पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून अशीच बंद झाली. 50 पैसे अजून चालतात. रशियातही 2016 पासून नाण्यांवर तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या चिन्हाऐवजी राजचिन्ह आलं, तरी आधीचे रूबल चालूच राहिले.

गैरसमज: बँक चिल्लर घेत नाही.
वस्तुस्थिती: कोणत्याही शाखेने नाणी नाकारू नयेत, असे रिझर्व्ह बँकेचे आदेश आहेत. खात्यात किती नाणी भरावीत यालाही मर्यादा नाही. एका व्यवहारात मात्र रुपया आणि त्यावरची नाणी मिळून 1000 रुपयांपर्यंतच कायदेशीर देणं ठरतात.

शंका आली तर रिझर्व्ह बँकेच्या 14440 या मोफत क्रमांकावर फोन लावा. आणि समोरच्याचं दहाचं नाणं बिनधास्त गल्ल्यात टाका. नोटेइतकीच त्याची किंमत आहे.