पुसून न जाणारं धुकं

आई साताऱ्याहून लेस्टरला आली आणि दुसऱ्याच दिवशी तिनं आमच्या दिवाणखान्याची खिडकी पुसायला घेतली. आधी ओलं फडकं, मग वर्तमानपत्राचा बोळा. आतून झालं, बाहेर जाऊनही झालं. “अरे, ही काच निघेना कशी?” तीन वर्षं मी त्या धुरकट काचेवर पडदा ओढून मोकळा होत होतो. तिला म्हटलं, डाग आतही नाही अन् बाहेरही नाही. तो दोन काचांच्या मधे आहे.

इंग्लंडात बहुतेक घरांना अशा दुहेरी काचा असतात. चार-चार मिलिमीटरच्या दोन काचा, मधे फट, कडेनं पोकळ पट्टी. पट्टीच्या पोटात ओलावा शोषणारे दाणे असतात. गोळ्यांच्या बाटलीत छोटी पुडी निघते ना, त्याच जातीचे. चारही कडा रबरासारख्या लेपानं बंद. फटीतली हवा उन्हात फुगते, रात्री आक्रसते. वर्षानुवर्षांच्या या ओढाताणीत लेप कुठेतरी सुटतो, दमट हवा आत शिरते आणि दाण्यांचं पोट भरलं की पाणी काचेवर धरतं. आधी सकाळपुरतं, पुढे पांढरे ओघळ कायमचे. (काच खोलीच्या बाजूनं घामेजत असेल तर गुन्हेगार आपला कुकर आणि घरात वाळत घातलेले कपडे. बाहेरून दव धरत असेल तर खुशाल असा. घरातली ऊब बाहेर जात नाही, एवढाच त्याचा अर्थ.)

खिडक्या विकणारा एक जण आला, चहा प्याला आणि चौकटीसकट अख्खी खिडकी बदलायचे नऊशे पौंड सांगून गेला. दुसऱ्यानं काचेला बारीक भोकं पाडून आतून वाळवून देतो म्हटलं. धुकं जातं म्हणे. पण फटीत आरगॉन वायू असलाच तर तोही जातो, आणि सुटलेला लेप सुटलेलाच राहतो. माझ्या मते ते पैसे वाया.

चौकट धडधाकट असेल तर बदलायचं असतं ते फक्त काचांचं युनिट. अख्खी खिडकी बदलली तर इंग्लंड-वेल्समध्ये २००२पासून फेन्सासारख्या योजनेतल्या कारागिराचं किंवा कौन्सिलचं प्रमाणपत्र लागतं. नुसत्या काचेला ती भानगड नाही. साताऱ्यात काचवाला हिरकणीनं तिथल्या तिथे काच कापून लांबी लावून देतो. इथे ते चालत नाही. युनिट एकदा बंद झालं की कापता येत नाही, मापानंच करून घ्यावं लागतं.

आणि मापातच मी चुकणार होतो. दिसते तेवढी काच मोजून दुकानात गेलो. काउंटरवरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, काच चौकटीत धरून ठेवणाऱ्या पट्ट्या काढून मोजलंस का? नव्हतं मोजलं. काच पट्ट्यांच्या मागे बरीच आत गेलेली असते. घरी येऊन सर्वांत लांब पट्टीच्या मधोमध पातळ पुट्टीपात घातली. पट्टी कमानीसारखी वाकली आणि टक्कन निघाली. मग जाडी मोजली: चोवीस मिलिमीटर. जुन्या काचेवर ऊब परतवणारा थर आहे का, हे आईच्या निरांजनानं कळलं. ज्योत काचेपुढे धरली की चार प्रतिबिंबं दिसतात. एखाद्याचा रंग वेगळा दिसला तर थर आहे. आमची चारही सारखीच पिवळी निघाली. नवं युनिट थराचं मागवलं. काचेची खालची कड जमिनीपासून आठशे मिलिमीटरच्या आत येत असेल तर सुरक्षा काचच घ्यावी लागते, तेही म्हाताऱ्यानंच सांगितलं. खर्च ऐंशी पौंड.

असं युनिट चौरस मीटरला वीस किलो भरतं, तेव्हा एकट्यानं उचलायला जाऊ नका. शेजाऱ्याला हाक मारली. जुनी काच बाहेर आली तेव्हा खरं कारण दिसलं. चौकटीच्या तळाशी पावसाचं पाणी जायला भोकं असतात. ती शेवाळानं आणि मेलेल्या कोळ्यांनी गच्च बुजली होती. खाली ठेवायच्या प्लास्टिकच्या चकत्याही कुणी घातल्या नव्हत्या. काचेची कड इतकी वर्षं पाण्यात बसली होती. मी चकत्या घातल्या, आधी आखूड पट्ट्या आणि मग लांब पट्ट्या रबरी हातोडीनं ठोकून बसवल्या.

तुमच्याही चौकटीच्या खालच्या अंगाला ती भोकं असतील. या शनिवारी एक जुना टूथब्रश घ्या आणि तेवढी मोकळी करा.