यंत्रमानवाला आपली वाट आपण शोधू द्या

पावसाळ्यात सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढू लागले की धुके असे उतरते की दहा हातांवरचे वळण दिसत नाही. अशा वेळी खाली उभे राहून रिमोटने वर गाडी हाका, असे कुणी म्हटले तर? गाडीच दिसत नाही, तर रिमोट काय कामाचा? तेथे गाडीलाच रस्ता ओळखता आला पाहिजे. विद्यार्थ्यांच्या रोबो-स्पर्धांबद्दल आम्हाला हेच सांगायचे आहे.

या स्पर्धा आता आपल्याला परक्या नाहीत. रोबोकॉन ही आशिया-पॅसिफिक देशांची स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली. २००८ साली ती पुण्यात भरली, तेव्हा विषय होता गोविंदा, म्हणजे आपली दहीहंडी! २०१४ साली पुन्हा पुण्यातच भरली. त्या वर्षी एक पालक-रोबो आणि एक बाळ-रोबो होता. पालकाला माणूस चालवी. बाळाने मात्र आपले आपणच चालायचे होते.

परंतु सगळीकडे असे नसते. ‘फर्स्ट टेक चॅलेंज’ या शालेय स्पर्धेत रोबो ३० सेकंद आपल्या बुद्धीने चालतो आणि पुढची २ मिनिटे मुले त्याला चालवतात. उलट २००४ पासूनच्या ‘वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाड’मध्ये रोबोला दिलेली कामे त्याने स्वतःच पार पाडायची असतात. वस्तूंच्या जागाही बदलतात, म्हणून पाठांतर चालत नाही.

आम्ही स्वतःच्या बुद्धीने चालणाऱ्या रोबोच्या बाजूचे आहोत. कारण साधे आहे. रिमोटच्या खेळात जोरदार मोटार आणि सरावाचे मोठे मैदान ज्याच्याकडे, त्याचे पारडे जड. आज्ञावली लिहायला डोके लागते. चुकली तर खोडून पुन्हा लिहिता येते, नवा सुटा भाग विकत घ्यावा लागत नाही. अर्थात संगणक आणि शिकवणारा माणूस हवाच. तो ज्या घरात नाही, त्या मुलांसाठी शाळेने दार उघडले नाही, तर हाही खेळ पैसेवाल्यांचाच होईल.

म्हणून पालकहो, मुख्याध्यापकांना विचारा. २०१६ पासून केंद्र सरकारने अटल टिंकरिंग लॅब सुरू केल्या आहेत. त्या सहावी ते बारावीच्या मुलांसाठी असून शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. आपल्या शाळेत अशी लॅब आहे काय? असेल तर तिला कुलूप तर नाही ना? आणि मुलीला तक्ते रंगवायला न बसवता आज्ञावली लिहायला बसवतात ना?

तोवर घरीच एक खेळ करा. एका मुलाचे डोळे बांधा, तो रोबो. दुसऱ्याने कागदावर आज्ञा लिहाव्यात : चार पावले पुढे, उजवीकडे वळ, दोन पावले पुढे. तिसऱ्याने त्या वाचाव्यात. मग गुपचूप वाटेत पाट ठेवा. रोबो अडखळेल. आता लिहा : पायाला काही लागले तर थांब, डावीकडे वळ. हा ‘तर’ लिहिता आला की आज्ञावलीचा पहिला धडा झाला.

बोट धरून चालवलेले मूल चालते खरे. पण आईबापांना आनंद होतो तो त्याने बोट सोडून पहिले पाऊल टाकल्यावरच.